चार काट्यांची जागा

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत होते. टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकत होता. पोरंच ओरडली, "मॅडम, तुमचा फोन पडायलाय." पलीकडे माझे पती सिद्धार्थ होते. फोनवर ते कधी कमी बोलत नाहीत, त्या दिवशी एवढंच म्हणाले, "घरी ये... आप्पा उठंनात." मी विचारलं, उठंनात म्हणजे? ताडकळसला घरासमोर स्कूटी लावली तेव्हा लक्षात आलं, खडू अजून मुठीतच होता. हँडल पांढरंफटक झालं होतं.

रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, आप्पा, म्हणजे माझे सासरे, आमचे मामा, खुर्चीतच होते. डोकं हातावर टेकलेलं. दुपारची डुलकी ते तशीच घ्यायचे, त्यामुळे बाजाराला जाणारी दोन-तीन माणसं खिडकीतून "काय आप्पा, झोपले का?" म्हणून पुढं गेली होती. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग. पुढ्यात पाथरीहून दुरुस्तीला आलेली गाणारी पेटी, झाकण उघडं. आणि पेटीचा वेग आवरणाऱ्या चिमुकल्या भिंगरीत अडकवलेलं कोंबडीचं पांढरं पीस. चालू पेटी मध्येच थांबवायची असली की मामा तेच करायचे, पीस मऊ असतं, भिंगरीला इजा होत नाही. म्हणजे त्यांनी चावी भरली होती, वाजवून बघत होते, मध्येच थांबवलं... आणि पुढं काही नाही. माणसांनी मामांना उचललं, खुर्ची बाजूला केली. पेटीला कुणी हात लावला नाही.

गाव त्यांना पेटीवाले आप्पा म्हणायचं. मी सून, म्हणून मला ते मामा. लहानपणी ते हैदराबादेला हमालीला गेले आणि तिथल्या एका घड्याळवाल्या उस्तादांच्या दुकानात ओझं टाकायला शिरले, ते नऊ वर्षांनी बाहेर पडले. हँडल मारून चालणारे फोनो, तासाला गाणं म्हणणारी घड्याळं, गाणाऱ्या पेट्या, अशा जुन्या वस्तू जिंतूर-नांदेडाकडून त्यांच्याकडं यायच्या. कुणी भजनाची पेटी घेऊन आलं तर हसून परत पाठवायचे. "हिला वाजवायला माणूस लागतो. ज्याला माणूस लागत न्हाई ते आणा." सही सोडली तर त्यांना लिहिता येत नव्हतं. पण कोणत्या गावच्या कोणत्या घड्याळाचं कोणतं चाक किती झिजलंय, हे ते वीस वर्षांनीही सांगायचे.

त्यांचा एक नेम मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात पाहिला. चारठाण्याचं एक घड्याळ आलं होतं, त्याच्या सूर काढणाऱ्या पोलादी फणीचा एक दात तुटलेला. मालक म्हणाला, "दुसरा कोणताबी बसवा आप्पा, कुणाला कळायलंय?" मामांनी ऐकलं नाही. बाकी सगळं नीट केलं, तेवढी जागा मोकळी सोडली. गाणं तिथं आलं की क्षणभर गप्प व्हायचं आणि पुढं जायचं. मालक कुरकुरत गेला. मामा मला म्हणाले, "जे व्हतं ते म्हाईत नसलं तर गप राहावं. उगी आपल्या मनाचं घालू नये." मी मान डोलावली. मला तेव्हा ते घड्याळांबद्दलच बोलतायत असं वाटलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, तिच्या खुरप्यावर मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. पण या वाटेनं वर आलेल्या माणसाला एक खोड लागते. "मला येत नाही" हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत. कारण ते निघायचाच अवकाश, की आजूबाजूचे म्हणणार, बघा, आम्ही म्हणलोच होतो. म्हणून मला सगळं येत होतं. सगळं आठवत होतं. सगळं माहीत होतं...

पाथरीची पेटी आमच्या घरी आली ती माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तिथल्या एका जुन्या घरातल्या बडी अम्मांची. शिसवी लाकडाची, चपलांच्या खोक्याएवढी, त्यांच्या आईला लग्नात मिळालेली. आत एक पितळी रूळ, रुळावर केसाएवढे बारीक पोलादी काटे, समोर पोलादाची फणी. चावी दिली की रूळ फिरतो, काटा फणीचा दात उचलून सोडतो, सुटलेला दात वाजतो. कोणता काटा कुठं आहे, तेच त्या पेटीचं गाणं. मोडली होती फक्त चावीनं ताणायची कमान. ती मामांनी पंधरा दिवसांत बसवली आणि मग सकाळ-संध्याकाळ पेटी लावून बघायचे. मी भाकरी थापता थापता ऐकायचे. शब्द नसलेलं, परक्या मुलखातलं, जरा रडवेलं गाणं होतं ते. न कळताच तोंडात बसलं.

परत देण्याआधी मामांनी रूळ काढून तेलानं पुसला आणि त्यांच्या खोलीत धूळ फार म्हणून फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर, पितळेच्या भांड्यांत ठेवला. चौदा एप्रिल दोन दिवसांवर आलेली. जयंतीला घर लखलखीत पाहिजे, म्हणून मी सगळी फळी खाली काढली. परात, तांबे, बुद्धाची लहान मूर्ती, आणि फडक्यातून निघालेलं ते पितळी लाटण्यासारखं काहीतरी. सगळं चिंचेच्या पाण्यात टाकलं. दुपारपर्यंत भिजलं. मग काथ्या घेऊन बसले. ते लाटणं हाताला खरखरीत लागत होतं, टोचत होतं. मला वाटलं, वर्षानुवर्षांचा कीट. मी जोर लावला. गुळगुळीत होईपर्यंत घासलं आणि उन्हात मांडलं. बुद्धाच्या मूर्तीपेक्षा ते जास्त चमकत होतं, याचा मला आनंद झाला होता.

मामा रानातून आले. उन्हातला रूळ त्यांनी उचलला, अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. परत फिरवला. उंबऱ्यावर बसले. मी दारात उभी होते, शाबासकीची वाट बघत. ते म्हणाले, "लय चकाकलं की, सूनबाई." आणि आत जाऊन स्वतःच चुलीवर चहा ठेवला. संध्याकाळी सिद्धार्थना कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडायला लागले. मामा म्हणाले, "वरडू नको. मी भांड्यात ठिवलं, तिनं भांडं समजून घासलं. हिशेब बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी ते जीपनं पाथरीला गेले आणि बडी अम्मांना सांगून आले, माझ्या हातून बिघडलं, मीच नीट करून देतो. माझं नाव घेतलं नाही. हे मला नंतर, जीपवाल्याकडून कळलं.

साडेतीनशेच्या वर काटे मोडले होते. मामा एकेक काटा तारेपासून घडवायचे, दुसरी कामं सांभाळून, आठवड्याला एक, कधी दोन. "काटा मोडला तरी त्याचा बुडखा पितळात राहतो," असं ते म्हणायचे, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, बुडखे दिसायचे नाहीत. ते नखानं शोधायचे. वयानं बारीक सूरही ऐकू यायचे नाहीत. म्हणून शाळेतून आले की मला हाक यायची. "ये मास्तरीन, म्हण." मी गाणं म्हणायचे, ते नख सरकवत जायचे, माझा सूर आणि त्यांचा बुडखा जुळला की खूण करायचे. "तुझे कान, माझी नखं," म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्या घरात आम्ही दोघं सहा वर्षं असे बसलो. माझ्या वडिलांशी मी एवढी कधी बसले नव्हते. तो रूळ घासला नसता तर मामांशीही बसले नसते, असंही कधी वाटतं.

आणि मग ती जागा आली. काथ्याचा सगळ्यात जास्त जोर तिथं पडला असावा. नखाला काहीच लागेना. मामा म्हणाले, "हितं काय व्हतं गं?" मी गाणं सुरुवातीपासून म्हणत आले आणि तिथं येऊन... काही नाही. कोरं. दोन वेळा म्हणून बघितलं. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते, दिसत नसलेल्या डोळ्यांनी. मी चार सूर म्हणून टाकले. वर चढत जाणारे, चांगले जुळणारे. "पक्कं?" त्यांनी विचारलं. "पक्कं मामा," मी म्हणाले. ते खुश झाले. "शिकलेल्या माणसाचं ध्यान लय पक्कं असतंय." चार दिवस धनुकलीनं फिरवायच्या सामत्यानं, म्हणजे बारीक गिरमिटानं, त्यांनी चार नवी भोकं पाडली आणि माझे चार काटे बसवले.

पेटी पुरी झाली. आता पाथरीला नेऊन द्यायची, फक्त डोळ्याचं ऑपरेशन तेवढं उरकून. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि मामा आठवडाभर लहान पोरासारखे सगळ्या घराकडं बघत हिंडले. मला म्हणाले, "आगं, तुझ्या ह्या साडीवर फुलं हायत व्हय! मला वाटायचं, हिला कुणी डागाळलेली साडी दिली." आम्ही पोट धरून हसलो. मग ते भिंग लावून पेटीशी बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर म्हणाले, "सूनबाई, ते एकदा परत म्हण की." कोणतं ते सांगावं लागलं नाही. मी तेच चार सूर म्हणाले. "बरं," म्हणाले आणि झाकण लावलं.

त्यानंतर पाच वर्षं पेटी आमच्याच घरी राहिली. पाथरीहून कुणी विचारायला आलं की मामा सांगायचे, थोडं राहिलंय. चार-सहा महिन्यांनी मला म्हणायचे, "ते एकदा परत म्हण." आवाजात राग नसायचा, चौकशीही नसायची. घरात आलेल्या माणसाला पाट सरकवावा तसं ते म्हणायचे. मी दर वेळी तेच म्हणायचे, दर वेळी जास्त ठामपणे. मनाला समजावायचे, म्हाताऱ्या माणसाचा चाळा. पण मी साधं बोलणारी बाई आहे, साधंच सांगते. मला आतून माहीत होतं. विचारायची हिंमत नव्हती.

शेवटच्या सकाळी मी स्कूटी काढत होते. मामा खिडकीतून म्हणाले, "सूनबाई, ते एकदा..." मला उशीर झाला होता. मी म्हणाले, "मामा, किती वेळा? तसंच आहे ते." ते म्हणाले, "बरं. हळू जा." तेच शेवटचं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. उसाचे दिवस होते. आमच्या घरासमोरून दिवसभर ट्रॉल्या जातात, खिडक्या थरथरतात. एका दुपारी मी त्या खोलीत झाडत होते आणि टेबलावरून आवाज आला. टिंग. एकच. मी झाडू धरून उभी राहिले. मग कळलं, कमान भरलेलीच आहे. भरलेली कमान ठेवून मामा कधी उठायचे नाहीत, "पेटीला ताणात ठिवून आपण जेवू नये" म्हणायचे, चावी उतरवायचे. या वेळी उतरवायला राहिलेच नाहीत. ट्रॉलीच्या हादऱ्यानं पीस केसभर हटत होतं, रूळ केसभर फिरत होता आणि एक सूर सुटत होता. कधी दिवसात दोन, कधी तीन दिवसांत एकही नाही. मला ते गाणं पाठ. कोणता सूर सुटला आणि पुढचा कोणता, हे मला नको असताना कळायचं. भांडी घासताना टिंग. वह्या तपासताना टिंग. सिद्धार्थ म्हणायचे, "काढून टाक ते पीस, वाजून जाऊ दे एकदाचं." माझा हात जायचा नाही. गाणं एकेक पाऊल टाकत माझ्या जागेकडं येत होतं. पाच आठवड्यांनी तीन सूर उरले. मग दोन.

त्या दिवशी मी खिडकी पूर्ण उघडली, मामांची खुर्ची ओढली आणि त्यांचं भिंग डोळ्याला लावलं. माझे चार काटे लगेच सापडले, नवे होते, उजळ. आणि त्यांच्या शेजारी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या अंतरावर, चार काळे ठिपके. बुडखे. खऱ्या काट्यांचे. ते वर चढत नव्हते, खाली उतरत होते. टेबलाच्या खणात तपकिरीची डबी होती, तिच्यात कापसावर चार काटे घडवून ठेवलेले. तयार. धूळ बसलेली नव्हती, डबी वरचेवर उघडलेली दिसत होती.

म्हणजे पट्टी सुटल्यावर भिंग लावून बसले त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. चारठाण्याच्या मालकाला नाही म्हणणारा माणूस, खोटं गाणं पाथरीला देऊ शकत नव्हता. आणि मला न विचारता माझे काटे उपटून मला खोटं पाडू शकत नव्हता. पाच वर्षं त्यांनी तेवढंच मागितलं, मी सांगावं. मी सांगितलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

सिद्धार्थ म्हणाले, "आता कशाला सांगायलीस? पेटी दिऊन ये. अम्माचं वय झालंय, तिला काय कळायलंय?" मी म्हणाले, "आणि कळलं तर? नाव आप्पांचं जाईल. चिंचेचा डाग त्यांनी घेतलाय, हा पण घेऊ का त्यांच्याकडून?" ते म्हणाले, "येऊ का संगं?" मी नको म्हणाले.

परभणीत जीप बदलून पाथरीला गेले. पेटी मांडीवर, झाकणाखाली हात घालून भिंगरी बोटानं धरलेली, कारण रस्त्याच्या खड्ड्यांत पिसाचा भरवसा नव्हता. सगळी वाट बोटाला कमानीचा ताण लागत होता. मामांच्या हातानं भरलेला ताण. तो वाटेत सांडू द्यायचा नव्हता. बडी अम्मा पलंगावर होत्या, मुठीएवढ्या झालेल्या. मी कोण ते सांगितलं. "मिस्त्री की बहू? मिस्त्री गये बोले... लई भले आदमी थे मा." मी पेटी त्यांच्याजवळ ठेवली आणि पीस काढलं.

उरलेले दोन सूर वाजले आणि माझी जागा आली. आधीचं काहीच ऐकलं नसल्यानं त्यांना कळलं नाही. रूळ फिरत राहिला, गाणं संपून परत पहिल्यापासून सुरू झालं. अम्मांचा हात गोधडीवर ठेका धरायला लागला. डोळे मिटले. हसू आलं. आणि गाणं दुसऱ्यांदा त्या जागी आलं तेव्हा हात वरच थांबला. "यां कुछ और था," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. चिंच, काथ्या, चार सूर, पाच वर्षं. माझ्या मराठीत सांगितलं, त्यांना सगळं कळलं. "तो मिस्त्री बोले, मेरे हात से हुआ, वो झूट था?" "हो अम्मा. घासलं मी. खोटं गायलंही मीच." त्या हसायला लागल्या. "इमली से! पतीली समझ के!" खोकला येईपर्यंत हसल्या. घरातली सून पाणी घेऊन धावत आली. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "अम्मा, तिथं काय होतं?" त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली, आवाज दोऱ्यासारखा, पण पक्का. त्या जागेपाशी आल्या आणि तोंड उघडंच राहिलं. परत सुरुवात. परत तिथंच. तिसऱ्या वेळी त्या थांबल्या, रुळाकडं बघत. "था मा... अम्मी के साथ गाती थी. चार-पाच साल पहले पूछती तो गा देती."

पेटी त्यांची, त्यांच्याकडं ठेवली. तपकिरीची डबीही ठेवली, काटे बसवणारा कुणी भेटला तर. परतताना मी परभणीत दोन घड्याळवाल्यांना विचारलं. एकानं गाणारी पेटी म्हणताच हात जोडले. दुसरा म्हणाला, "हे काम करणारे एकच होते मॅडम, तुमच्या ताडकळसचे." मी कोण ते त्याला सांगितलं नाही. ठिपके उतरते आहेत एवढं मी पाहिलंय, पण ते कोणते सूर, हे मला वाचता येत नाही. मला येत नाही.

खोली तशीच आहे. भिंग खिळ्याला टांगलंय, पीस टेबलाच्या फटीत खोचलंय. ट्रॉल्या जातात, खिडक्या थरथरतात, टेबलावर आता काही वाजत नाही, तरी माझा हात थांबतो. संध्याकाळी भाकरी थापताना ते गाणं अजून तोंडात येतं. मी म्हणत जाते, त्या जागेपाशी पोचते आणि गप्प राहते. चार सूर जातील एवढा वेळ. मग पुढचं म्हणते. परवा बाहेरून सिद्धार्थ म्हणाले, "काय गं, विसरलीस का?" मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "हो."